धुराचा नवस

आमच्या गावात हिरवा पक्ष उभा राहिला तो माझ्या आईच्या नवसावर, असं मी म्हटलं की पक्षातली शिकलेली मंडळी हसतात. हसू देत. कुणाला काही पटवून द्यायचा मला आता कंटाळा आला आहे. पण आमच्या बैठकीच्या खोलीत जे घडलं ते मी पाहिलं आहे, त्या दिवशीचा चहाही मीच केला होता, तेव्हा एकदा लिहून ठेवते. मराठीत लिहिते, कारण हिब्रूत लिहिलं तर मुलगी वाचेल आणि दुरुस्त्या सुचवेल.

गाव इस्रायलच्या नेगेव वाळवंटातलं. डिमोनाला जाऊन तिथून पुन्हा बस धरायची, इतकं आडबाजूला. साठच्या दशकात आम्हाला विमानातून उतरवलं, ट्रकमध्ये बसवलं आणि इथे आणून सोडलं, तेव्हा आई ट्रकमधून खाली उतरायलाच तयार नव्हती. "गाव कुठं हाय?" असं तिने त्या ड्रायव्हरला चक्क मराठीत विचारलं होतं. रेवदंड्याकडची, खाडीच्या वाऱ्यात वाढलेली बाई. वारा अंगाला लागल्याशिवाय तिला झोप येत नसे. नशिबाने सरकारने बांधून दिलेल्या ठोकळ्यासारख्या इमारतीत आमच्या वाट्याला जे घर आलं, त्यात एका खोलीला पश्चिमेची खिडकी होती. ती आईची. दुपारभर तिथे भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, पण संध्याकाळी समुद्राकडून जो वारा सुटतो तो वाळवंट ओलांडून आमच्यापर्यंत यायचा. पलंग खिडकीला लावून आई त्या वाऱ्यात पडून राहायची. "आपल्याकडनंच येतो हा," म्हणायची. समुद्र दुसरा आहे हे तिला आम्ही कोणी सांगितलं नाही. वडील गेले, माझं लग्न झालं, हे आमच्याच घरी राहायला आले, मुलगी झाली. आईची खोली आणि आईची खिडकी तशीच राहिली.

पुढे नगरपालिकेने कचरा टाकायला पश्चिमेची वादी निवडली. वादी म्हणजे वर्षातून कधीतरी पाणी वाहणारा कोरडा ओढा. कचऱ्याला आग लागायची. ती आपोआप लागते असं नगरपालिका सांगायची. आपोआप लागणारी आग बरोबर ऑफिस सुटल्यावरच कशी लागते, हे मात्र कधी कळलं नाही. वेळ तीच, वारा तोच, फक्त आता त्यात जळकं रबर, प्लास्टिक आणि कोंबड्यांच्या पिसांचा वास. आईला दमा जडला तो तेव्हापासून. संध्याकाळ झाली की खिडकी बंद, फटींना ओली फडकी, वर पडदा. ती पलंगावर बसून खोकायची आणि पडद्याकडे बघत राहायची. मी कुपात खोलीममध्ये, म्हणजे आमच्या आरोग्यनिधीच्या दवाखान्यात, आलेल्यांना नंबर द्यायच्या कामावर होते. खोकणाऱ्यांची सगळी रांग माझ्यासमोरूनच पुढे सरकायची आणि त्या रांगेत माझी आईही असायची. डॉक्टर तोंडात मारायचा फवारा लिहून देत आणि जमलं तर गाव बदला म्हणत. चप्पल बदला म्हटल्यासारखं म्हणत. मला त्यांचा फार राग यायचा, पण तोंडावर हसून पुढचा नंबर पुकारायची.

घरात आणखी एक भानगड होती. ह्यांची नोकरी नगरपालिकेच्या कचरागाडीवर ड्रायव्हरची. म्हणजे जावयाने दिवसा नेऊन टाकायचं आणि सासूने संध्याकाळी त्याचा धूर खायचा. आई त्यांना सोडायची नाही. "जावयबापू, आज काय जेवण टाकलंत आमच्यासाठी?" असं विचारायची. हे हसायचे, पण आंघोळ केल्याशिवाय तिच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा हायस्कूलातला जीवशास्त्राचा शिक्षक आणि त्याचे चार मित्र यांनी मिळून पक्ष काढला. शिक्षक किबुत्झवर, म्हणजे सगळं सामाईक असलेल्या शेतीवसाहतीत वाढलेला, उंच, बारा महिने सँडल घालणारा. देवाधर्माचं नाव निघालं की त्याच्या कपाळाला आठ्या. हिब्रूत शिक्षकाला 'मोरे' म्हणतात. आईने त्याला मोरे मास्तर करून टाकलं आणि नाकावरून तो पेणकडचा वाटतो असंही एकदा म्हणाली. माझी मुलगी त्याची जुनी विद्यार्थिनी, नुकतीच सैन्यातून सुटून आलेली, पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. ती त्यांच्यात जाऊ लागली. सभा व्हायच्या मिकलातमध्ये, म्हणजे बाँब पडले तर लपायला प्रत्येक इमारतीखाली जे तळघर असतं तिथे. नियम असा, की चहाचा पेला प्रत्येकाने घरून आणायचा, प्लास्टिकचा पेला दिसता कामा नये. आमची मुलगी आजोबांचं नाव कोरलेला मुंबईचा स्टीलचा पेला घेऊन जायची. मास्तरांना त्या पेल्याचं फार कौतुक. इतकी वर्षं एकच पेला वापरणारं घर म्हणजे त्यांच्या मते खरा हिरवा पक्ष. आम्हाला दुसरा पेला घ्यायचं सुचलं नव्हतं, इतकंच.

त्या हिवाळ्यात 'तू बिश्वात' हा सण आला. झाडांचं नवं वर्ष. इथे त्या दिवशी शाळाशाळांतून रोपं लावतात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, त्या दिवशी एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने मलिदा करतो. भिजवलेले गोड पोहे, त्यात खोबरं, वेलची, भोवती पाच फळं, आणि मधोमध सुवासिक पाल्याची डहाळी. प्रार्थना म्हणायची, डहाळी हुंगायची, मग सगळ्यांनी एका ताटातलं खायचं. कोकणात डहाळी सब्ज्याची असायची. इथल्या थंडीत सब्जा कुठला, म्हणून आई मारवा घालायची, वाळवंटात चहात टाकतात तो. तो ती गुरुवारच्या बाजारात एका बेदुइन बाईकडून घ्यायची. पूर्वेच्या टेकड्यांमागे पत्र्याच्या घरांची एक वस्ती आहे, ही बाई तिथली. चटई टाकून चीज आणि पाला घेऊन बसायची. आई तिच्याशी मराठीत बोलायची, ती आईशी अरबीत, आणि दोघींचं उत्तम जमायचं. तू बिश्वातच्या आधी ती आईसाठी मारव्याची जुडी वेगळी बांधून ठेवायची आणि नंतरच्या गुरुवारी आई तिच्यासाठी मलिद्याचा वाटा डब्यातून न्यायची.

तर त्या वर्षी मलिद्याला दहा पुरुष लागतात त्यात एक कमी पडला. आमचे एक काका रामलाहून यायचे होते, त्यांची बस चुकली. सगळे घड्याळाकडे बघत बसलेले. एवढ्यात मोरे मास्तर दारात. हातात खारूबचं रोप, आमच्या खिडकीखाली लावायला आणलेलं. यहुदी आहे ना, पुरुष आहे ना, मग झालं. कोणीतरी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि त्यांना दहावा म्हणून उभं केलं. बिचारे हातातलं रोप खाली ठेवायलाही विसरले.

प्रार्थना झाल्यावर आई ताटासमोर आली आणि मोठ्याने नवस बोलली. "एलियाहू हन्नाबी, हा धूर थांबव. थांबला की ही खिडकी उघडी टाकून तुझा मलिदा करीन नि सगळ्या गावाला वाढीन." मुलीने मास्तरांच्या कानात हिब्रूत सांगितलं. सगळे आमेन म्हणाले. मास्तरही आमेन म्हणाले. मग दोन वाट्या मलिदा खाल्ला आणि मला विचारलं की या गोडाची कृती त्यांच्या आईला मिळेल का.

आमच्या लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. माणूस मिन्यानमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या दहांत उभा राहिला, नवस ऐकला, आमेन म्हणाला आणि त्याच ताटातलं खाल्लं. म्हणजे त्याने एलियाहू हन्नाबीसमोर शब्द दिला. ही गोष्ट आमच्या सिनेगॉगमध्ये फिरली, तिथून डिमोनाच्या नातेवाइकांत गेली आणि तिकडून आणखी पक्की होऊन परत आली. मास्तर बिचारे आपलं घरोघर हवेत काय काय असतं त्याचे आलेख घेऊन हिंडत होते. आमच्या लोकांनी आलेख बघितलेच नाहीत. त्यांना काय करायचे होते आलेख.

निवडणुकीत इथे बोटाने बटण दाबत नाहीत. पुठ्ठ्याच्या आडोशामागे प्रत्येक पक्षाच्या चिठ्ठ्या असतात, त्यावर पक्षाचं अक्षर, त्यातली एक उचलून पाकिटात घालायची. या नव्या पक्षाचं अक्षर होतं मडक्यासारखं. आईला हिब्रू वाचता येत नसे. "मडकं बघायचं," एवढं तिने इमारतीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना शिकवलं आणि दम लागत असतानाही नातीच्या हाताला धरून सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन मत देऊन आली. पक्षाला एक जागा मिळाली. कुठल्या पेट्यांतून मतं आली ते बघितल्यावर मास्तर चक्रावले. मुलीने त्यांना आमेनचा सगळा अर्थ समजावून सांगितला तेव्हा आधी हसले, मग म्हणाले, की आता धूर थांबवावाच लागेल. मला तो माणूस तेव्हा मनापासून आवडला. आजही वाईट म्हणवत नाही.

पुढची निवडणूक येईपर्यंत ते एकटे सभागृहात प्रश्न विचारत राहिले आणि महापौर उत्तर न देता पुढच्या विषयाकडे वळत राहिले. पण पक्ष वाढत गेला. रशियाहून आलेले दोन इंजिनिअर आले, बेअरशेव्हाची एक वकील आली, खोकणाऱ्या मुलांच्या आया आल्या. सभा तळघरातून निघून बाजारातल्या एका दुकानात भरू लागल्या, दुकानाला पाटी आली, पाटीवर हिरवं पान. घरून पेले आणायचा नियम कधी सुटला ते कळलं नाही. आधी कागदी आले, मग प्लास्टिकचे. ह्यांच्या मुकादमाने ह्यांना सुनावलं, की पगार आमचा खाता आणि घरात आमच्याविरुद्ध पक्ष पाळता. सगळ्यात लांबची फेरी ह्यांना लावली. हे जेवायला उशिरा येऊ लागले. मी मात्र थकले. दिवसभर दवाखाना, मग आईचा खोकला, त्यात मुलगी घरात पत्रकांचे गठ्ठे आणून टाकायची आणि हे ते बाजूला सरकवून बसायचे. जग वाचवायला निघालेल्यांचे कपडे कुणाला तरी धुवावे लागतातच.

पुढच्या निवडणुकीत तीन जागा मिळाल्या. तिसरी माझ्या मुलीची. महापौरांना बहुमताला माणसं कमी पडत होती. मास्तर त्यांच्याबरोबर गेले, उपमहापौर झाले, पर्यावरण खातं मागून घेतलं, आणि थोड्याच महिन्यांत पश्चिमेची वादी बंद झाली. बुलडोझर आले, मातीचे ढीग ओतले, कुंपण घातलं. नवी जागा गावाच्या पूर्वेला केली. संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पूर्वेकडचं काही आपल्याकडे येणार नाही, असा त्यात हिशेब होता. शिवाय तिथे सगळं शास्त्रशुद्ध होतं, आग लागणारच नव्हती.

ज्या संध्याकाळी मुलीने आजीची खिडकी उघडली ती मला आठवते. खीळ गंजली होती, ह्यांनी हातोडी आणून सैल केली. आई पलंगावर मांडी घालून बसली होती. वारा आला, पडदा तिच्या तोंडावर आला, तो तिने बाजूला केला. मग खाली वाकून बघत म्हणाली, खारूब एवढं वाढलं काय. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतकी वर्षं एवढ्यासाठी घालवली, आणि एवढंच पुरे होतं, असं वाटलं.

नवस लगेच फेडायचा असं आम्ही म्हटलं, पण आई धोरणी. एक थंडी जाऊ दे, माणसांचा भरवसा नाय, म्हणाली. थंडी गेली, उन्हाळा गेला. ती रोज खिडकी उघडी टाकून झोपायची, फवाऱ्याची गरजही कमी झाली. पुढच्या तू बिश्वातला मलिदा करायचा ठरलं.

तोवर आमचा छोटा पक्ष तेल अवीवच्या मोठ्या हिरव्या पक्षात सामील झाला होता आणि देशाची निवडणूक तोंडावर आली होती. मास्तरांचं नाव यादीत बरंच वर. तेल अवीवहून एक बाई आली, फोन कानाला लावूनच जिना चढायची. तिला गावागावांतून दाखवण्यासारखं काहीतरी हवं होतं, आणि मुलीने तिला आजीची गोष्ट सांगितली. बाई खूश. उघड्या खिडकीत म्हातारी बसली आहे, पुढ्यात मलिद्याचं ताट, वर अक्षरं, 'आम्ही धूर थांबवला.' फोटो मलिद्याच्याच दिवशी काढायचा. मुलगी इतक्या आनंदात होती, की मला काही विचारावंसं वाटलं नाही. आपल्या आजीचं तोंड सगळ्या देशाच्या भिंतींवर लागणार म्हणून तिने आजीला नवी साडीसुद्धा आणली, रामलाच्या दुकानातून. आईलाही ते आवडलं होतं. "मुंबईत नटीचे असतात तसले काय?" असं विचारून घेतलं.

मलिद्याच्या आधीच्या गुरुवारी मी मारवा आणायला बाजारात गेले. बेदुइन बाई होती, चटई होती, पण चटईवर चीज तेवढंच. मी आईचं नाव सांगितलं, ते तिला माहीत होतं. तिने पदराखालून एक जुडी काढली. पानं राखाडी, चिकट. तिने त्यावरून अंगठा फिरवून मला काळा झालेला अंगठा दाखवला. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं, आणि खोटं खोकताखोकता तिला खरंच खोकला लागला. मी दवाखान्यात आयुष्य काढलंय, तो खोकला मी ओळखते. शेजारी भाजी विकणाऱ्याला थोडं हिब्रू येत होतं. तो म्हणाला, नवा खड्डा यांच्या घरांच्या वरच्या अंगाला आहे, संध्याकाळी पेटतो, वारा सगळं यांच्याकडे नेतो, या बाईची सून मुलं घेऊन माहेरी गेली आहे. तरी आईसाठी म्हणून तिने झुडपाच्या आतल्या बाजूची पानं काढून आणली होती आणि हे असं चालेल का म्हणून विचारत होती.

मी जुडी घेऊन घरी आले. लपवायची म्हटली तरी मला जमलं नसतं, आई दारातच बसली होती. तिने जुडी हुंगली. पुन्हा हुंगली. तो वास तिने इतकी वर्षं उशाशी घेतला होता, तिला सांगायची गरज नव्हती. मी ऐकलं ते सगळं सांगितलं. हे कामावरून आले तेव्हा आईने त्यांना आंघोळीलाही जाऊ दिलं नाही. नवा खड्डा पेटतो काय, आणि त्याच्या खालच्या अंगाला ती बाई राहते काय, एवढंच विचारलं. हे म्हणाले, पेटतो, पहिल्या उन्हाळ्यापासून पेटतो, पत्र्याची घरं तिथून दिसतात, पोरं गाडीमागे धावतात. मग म्हणाले, "मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल. पक्षात ते आलेखवाले आहेत ना."

मलिद्याच्या आदल्या संध्याकाळी आई मला म्हणाली, पोहे भिजवू नको. मी दहा घरी फोन करून मंडळींना येऊ नका म्हणून सांगितलं. मुलीला सांगायला फोन उचलला आणि ठेवून दिला. आईनेच सांगितलं, की तिला येऊ दे, मास्तरांनाही येऊ दे.

ते दुपारी आले. मास्तर, तेल अवीवची बाई, फोटो काढणारा, आणि माझी मुलगी आजीसाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन, तो तिने कुठून पैदा केला देव जाणे. आई नवी साडी नेसून पलंगावर बसली होती. खिडकी बंद, पडदा ओढलेला. समोर ताट रिकामं, त्यात फक्त ती राखाडी जुडी. बाहेर ऊन लख्ख पडलं होतं आणि आत दिवा लावावा लागत होता.

मुलगी हसत पुढे झाली आणि पडदा सरकवू लागली. आईने तिचा हात धरला.

"धूर थांबला नाय गो," ती म्हणाली. "माझ्या खिडकीतनं उठला नि तिच्या दारात जाऊन बसला. मी धूर थांबव म्हणून मागितलंवतं. तिला दे म्हणून नाय."

मुलीला मराठी सगळं समजतं, बोलत नाही. तिने ताटातली जुडी उचलून पाहिली आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की तिला हे खरंच माहीत नव्हतं. तेवढ्याने मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, माहीत कसं नव्हतं. आजीने तिला सांगितलं, मास्तरांना सांग. तिने हिब्रूत सांगितलं, एकही शब्द गाळला नाही.

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांनी समजावलं. ती जमीन आपल्या नगरपालिकेच्या हद्दीत नाही, ती वस्ती नकाशावर नाही, नकाशावर नसलेल्या वस्तीचा विचार कायद्याने करता येत नाही, खड्डा पेटायला नको होता, कंत्राटदाराला नोटीस गेली आहे, एका वेळी एकच गोष्ट होते, संसदेत गेलो तर हेही करू. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. माणूसही खरं बोलत होता, त्याचा चेहरा ओढलेला दिसत होता, तोही आमच्यासारखाच दमलेला होता.

आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मास्तर आमेन म्हणालेवते," ती नातीला म्हणाली. "काय थांबायचं म्हणून म्हणाले, तेवढं विचार."

मुलीने विचारलं. मास्तरांनी जुडीकडे पाहिलं. फोटो काढणाऱ्याने हळूच विचारलं, की मिनिटभरासाठी खिडकी उघडता येईल का, बाहेरचा उजेड छान आहे.  मी चहा केला. तो कोणी प्यायला नाही.

भिंतींवर फोटो लागला. उघडी खिडकी, उडता पडदा, म्हातारी नाही. खिडकीही आमची नव्हती. पक्ष देशाच्या निवडणुकीत पुष्कळ मागे राहिला, पण गावोगावच्या नगरपालिकांत त्याच्या जागा वाढत गेल्या. मास्तर तेल अवीवला राहायला गेले. सणाला आईला त्यांचा फोन यायचा, ती घ्यायची, मराठीत चार वाक्यं बोलायची. त्यांच्या सभांत आता मातीत विरघळणारे पेले असतात म्हणे.

मुलगी पक्षातच राहिली. तिने सभागृहात प्रश्न विचारला, उत्तर मिळालं की विषय हद्दीबाहेरचा आहे. तिने पुन्हा विचारला. पुन्हा तेच. मी तिला एकदा म्हटलं, की सोड हे सगळं. ती म्हणाली, बाहेर पडून कोण विचारणार. 

आईने ती खिडकी पुन्हा उघडली नाही. हवा स्वच्छ होती, दम लागायचं काही कारण नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं, मी हातापाया पडले. वाऱ्याशिवाय झोप न येणारी बाई बंद खोलीत जागी पडून राहायची. शुक्रवारी शब्बाथच्या जेवणाला मुलगी आली, की दिवे लावून झाल्यावर आई तिला विचारायची, "थांबला काय?" खोटं बोलली असती तरी चाललं असतं. आजी कुठे टेकड्यांमागे बघायला जाणार होती. पण मुलगी दर शुक्रवारी खरं तेच सांगायची. "लो, सावता." नाही, आजी. मग आई मान डोलवायची आणि आम्ही जेवायला बसायचो.

आई त्याच खोलीत गेली. नवस फिटलेला नाही, तो आता माझ्याकडे आला आहे. आमच्यात तसा तो येतोच. शिवाच्या, म्हणजे आमच्या सुतकाच्या सात दिवसांत बेदुइन बाई एकदा येऊन दारात बसून गेली, खोकत होती. खारूब खिडकीच्या वर गेलं आहे आणि बंद काचेवर त्याच्या फांद्या घासतात.

परवाच्या शुक्रवारी मी दिवे लावले. मुलगी ताटं मांडत होती. तिलाही आता चष्मा लागला आहे. मी काही ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप गेलं, "थांबला काय?"

ती हातातलं ताट धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "लो, इमा." ताट ठेवलं, आजीच्या खोलीत गेली, आणि तिने पडदा नीट ओढून घेतल्याचा आवाज मला आला.